एका टाकीत एकच किनारा

रंगीत माशांच्या दुकानात एका टाकीवर ‘मिक्स आफ्रिकन’ अशी चिठ्ठी चिकटवलेली असते. आत पिवळी, निळी, नारिंगी, पट्टेरी पिल्ले एकाच कोपऱ्यात दाटीवाटीने वरखाली करत असतात. गिऱ्हाईक रंग बघून बोट दाखवते, दुकानदार जाळीने तो मासा काढून पिशवीत घालतो. आपल्याकडे आफ्रिकन सिक्लिड पाळण्याची सुरुवात बहुधा अशीच होते. वर्षभरात त्या टाकीचे काय होते, तेही बहुतेक ठरलेले असते: एक दांडगा नर, शेपट्या कुरतडलेले तीन-चार मासे आणि फिल्टरच्या पाइपामागे अंग चोरून उभा असलेला एखादा. दोष मग पाण्याला दिला जातो, फिल्टरला दिला जातो, नाहीतर ‘ही जातच भांडखोर’ म्हणून माशांना. माझे म्हणणे असे आहे की चूक त्याआधीच, दुकानात बोट दाखवतानाच झालेली असते. आफ्रिकन सिक्लिडची टाकी लावायची तर आधी सरोवर निवडावे, त्या सरोवराचा एक किनारा निवडावा आणि त्या किनाऱ्यावरच्या एक-दोन जातींवर थांबावे. पाणी, दगड, खाणे, संख्या, नर-माद्यांचे प्रमाण हे सगळे त्या एका निवडीतून ठरते. याच्या नेमके उलट मत असणारे छांदिष्ट पुष्कळ आहेत आणि त्यांची बाजू कच्ची नाही. म्हणून त्या बाजूला इथे पूर्वपक्ष म्हणून बोलू देतो आणि तिच्या एकेका मुद्द्याला उत्तर देतो.

पूर्वपक्ष : अहो, सरोवर आणि किनारा हे पुस्तकात वाचायला छान आहे. पण आपल्या हातात येणारा मासा चेन्नईकडच्या नाहीतर थायलंडच्या सिमेंटच्या हौदात जन्मलेला असतो. त्याच्या पणजीनेही आफ्रिका पाहिलेली नसते. तो नळाच्या पाण्यात वाढतो, दाणे खातो, आणि मजेत जगतो. त्याला मलावी काय नि टांगानिका काय? पाणी थोडं जड ठेवलं, पीएच आठच्या आसपास राहिला, की आफ्रिकन सिक्लिडची टाकी झाली. तुम्ही साध्या छंदाचा भूगोलाचा पेपर करताय.

उत्तर : यातला अर्धा भाग मला मान्य आहे, आणि तो आधीच मान्य करून टाकतो. हौदात पिढ्यान्‌पिढ्या वाढलेले मासे पाण्याच्या आकड्यांबाबत पुष्कळ सवलत देतात. मलावी सरोवराच्या पाण्याचा पीएच साधारण 7.7 ते 8.6 असतो, टांगानिकाचा त्याहून जास्त, 9 च्या आसपास जाणारा, आणि त्यातले विरघळलेले क्षार मलावीच्या दुपटीहून अधिक. हे आकडे दशांशापर्यंत जुळवण्यासाठी रोज पाण्यात पुड्या सोडणारा माणूस माशांचे नुकसानच करतो, कारण त्यांना नेमक्या आकड्यापेक्षा स्थिर आकडा मानवतो. पण हौदात जन्मल्याने पाण्याची सवय बदलली तरी तोंडाची ठेवण, आतड्याची लांबी आणि वागण्याची रीत बदलत नाही. मलावीच्या खडकाळ किनाऱ्यावरचा लॅबिओट्रोफियस पाहा. त्याचे नाक पुढे आलेले आणि तोंड खालच्या बाजूला असते, त्यामुळे अंग खडकाला जवळजवळ समांतर ठेवूनच त्याला शेवाळ खरवडता येते. मान वाकवावी लागत नाही, लाटेने उचलून फेकले जाण्याची भीती कमी. ही ठेवण हौदातल्या पिल्लातही तशीच उतरते, आणि त्या तोंडामागे शेवाळ पचवण्यासाठी बनलेले लांबलचक आतडेही. आता त्याच टाकीत दुसरा एखादा मासा किडे-कोळंबी खाणारा असेल, तर मालक काय टाकणार? बहुतेक जण सर्वांना आवडते ते टाकतात: ट्यूबिफेक्स, ब्लडवर्म, प्रथिनांनी भरलेले दाणे. शेवाळखाऊ मासाही ते हावरटासारखा खातो. पुढे तो अन्न टाकतो, त्याची विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी होते, पोट फुगते आणि थोड्याच दिवसांत तो जातो. पाळणारे याला ‘मलावी ब्लोट’ म्हणतात. त्यामागे एकच कारण नाही. चुकीचा आहार, ताण आणि आतड्यातले परजीवी यांची सांगड असते. पण आहार आणि ताण ही त्यातली दोन कारणे मिश्र टाकीत जन्मजात असतात, आणि त्यांवर औषध शोधण्यापेक्षा ती टाळणे सोपे.

शिवाय ‘आफ्रिकन’ या एका चिठ्ठीखाली तीन अगदी निराळी घराणी कोंबली जातात. टांगानिका लाखो वर्षे जुने, जवळजवळ दीड किलोमीटर खोल सरोवर आहे. तिथले काही सिक्लिड जोडीने घर करतात, काही रिकाम्या शंखांत राहतात, आणि निओलॅम्प्रोलोगस पुल्चरसारख्या जातींत मोठी भावंडे धाकट्यांची राखण करतात. मलावीच्या खडकांवरचा म्बुना नर जोडी जमवत नाही. तो जागा धरतो, मादी अंडी घालून तोंडात घेते आणि सुमारे तीन आठवडे काही न खाता ती वागवते. तिचा गळा फुगलेला दिसतो, ती घोळक्यापासून दूर राहते, दाणे पडले तरी फिरकत नाही. अशा मादीला शांत कोपरा लागतो. शेजारी टांगानिकाची जोडी आपल्या दगडाभोवती कोणालाही फिरकू देत नसेल तर तो कोपरा तिला मिळणार नाही. तिसरे व्हिक्टोरिया, उथळ आणि तरुण. सुमारे 15,000 वर्षांपूर्वी ते कोरडे पडले होते, आणि पुन्हा भरल्यावर तिथे शेकडो जाती फुलल्या. या तिन्ही ठिकाणच्या माशांना एकत्र ठेवले तर पाण्याची तडजोड होईलही; राहण्याच्या रीतीची होत नाही.

पूर्वपक्ष : राहण्याच्या रीतीवर उपाय आहे आणि तो जगभर वापरला जातो. टाकी भरून ठेवायची. मोजके मासे ठेवले तर दांडगा नर एकाच्या मागे लागतो आणि त्याला मारूनच थांबतो. पन्नास ठेवले तर कोणाकोणाच्या मागे लागणार? राग वाटला जातो. जागा धरायलाच जागा उरत नाही. वर दुप्पट ताकदीचा कॅनिस्टर फिल्टर लावला की घाणीचाही प्रश्न मिटला. अनुभवी लोक हेच करतात, आणि त्यांचे मासे मरत नाहीत.

उत्तर : हा पूर्वपक्षाचा सर्वांत भक्कम मुद्दा आहे, म्हणून त्याला सावकाश उत्तर द्यायला हवे. पहिली गोष्ट पाण्याची. माशाच्या कल्ल्यांतून अमोनिया सतत बाहेर पडतो. पाण्यात तो दोन रूपांत असतो, एक तुलनेने निरुपद्रवी आणि एक जहाल. कोणते रूप किती, हे मुख्यतः पीएच ठरवतो. 25 अंश सेल्सियसला पीएच 7 असेल तर एकूण अमोनियातला जहाल भाग अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो. पीएच 8 ला तो पाच टक्क्यांच्या वर जातो आणि 8.5 ला सुमारे पंधरा टक्के होतो. म्हणजे जो अमोनिया एंजल किंवा टेट्राच्या टाकीत खपून जाईल, तोच आफ्रिकन सिक्लिडच्या टाकीत पंचवीसपट घातक ठरू शकतो. जास्त मासे ठेवण्याची सोय ज्या टाकीत सर्वांत कमी, तिथेच ते कोंबण्याचा सल्ला दिला जातो. फिल्टर आहे, हे खरे. पण फिल्टरमध्ये काम करणारे जिवाणू असतात, आणि त्यांना ऑक्सिजन लागतो. वीज गेली की स्पंजातले पाणी थांबते. तीस अंशांच्या पाण्यात मुळातच ऑक्सिजन कमी मावतो. आणि गर्दीची टाकी तो लवकर संपवते. विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात दुपारी दोन-तीन तास भारनियमन झाले, तर माफक मासे असलेली टाकी बॅटरीवरच्या एअर पंपाने तगून जाते. पन्नास माशांची टाकी तेवढ्या वेळात संपू शकते.

गर्दीचा दुसरा परिणाम दिसत नाही, म्हणून जास्त धोक्याचा. हेच जिवाणू अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करताना पाण्यातली क्षारता खातात: अमोनियातल्या एका मिलिग्रॅम नायट्रोजनमागे सुमारे सात मिलिग्रॅम. पठारावरच्या बोअरवेलचे पाणी बहुधा जड असते, तिथे हे चटकन जाणवत नाही. पण मुंबईच्या नळाला तानसा, वैतरणा, भातसा या धरणांत साठलेले पावसाचे मऊ पाणी येते. त्यात क्षारतेचा साठाच थोडा. भरलेल्या टाकीत तो महिन्या-दोन महिन्यांत संपतो, केएच, म्हणजे क्षारतेचे माप, शून्याकडे जातो आणि आठवर टेकलेला पीएच अचानक घसरतो. पीएच घसरल्यावर जिवाणूंचे काम मंदावते आणि अमोनिया साचत जातो. मालकाला काही तरी बिनसल्यासारखे वाटते, तो एका दमात अर्धे पाणी बदलतो, पीएच पुन्हा उसळतो, साचलेला अमोनिया जहाल रूपात येतो, आणि मासे दुसऱ्या दिवशी सकाळी तरंगतात. उपाय स्वस्त आहे. फिल्टरमध्ये शिंपल्यांचा चुरा, टाकीत चुनखडीचा दगड. शहाबादी फरशी ही आपल्याकडे सहज मिळणारी चुनखडीच आहे, आणि तिच्या तुकड्यांच्या गुहा फार चांगल्या होतात. प्रवाळाचे तुकडे मात्र घेऊ नयेत. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. पण चुनखडी पीएच आठच्या आसपास पोचला की फारशी विरघळत नाही, ती हळूहळू भर घालते. पन्नास माशांच्या वेगाशी तिला बरोबरी करता येत नाही. त्यासाठी आठवड्याला नियमाने पाव-तृतीयांश पाणी बदलणे आणि मासे कमी असणे, हेच लागते.

आता राग वाटला जाण्याविषयी. मलावीच्या खडकांवर माशांची दाटी असते, हे कोणी नाकारणार नाही. 1983 साली रिबिंक आणि सहकाऱ्यांनी तिथल्या खडकाळ किनाऱ्यांवरच्या सिक्लिडची जी मोठी पाहणी प्रसिद्ध केली, तिच्या पानोपानी ही दाटी दिसते. पण तिथे हरलेला नर दोन वाव लांब पळू शकतो आणि जिंकलेला आपल्या खडकाच्या सीमेवर थांबतो. टाकीत पळायला काच आडवी येते. आणि जागा वाढवली तर काय होते, याचा पुरावाही आहे. 2011 साली रोनाल्ड ओल्डफील्ड यांनी मायडस सिक्लिडच्या पिल्लांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. हा मासा निकाराग्वाचा, आफ्रिकेचा नव्हे, हे आधीच सांगितले पाहिजे. पण स्वभावाने तितकाच तापट. नेहमीच्या घरगुती आकाराच्या टाक्यांत माशांची संख्या किंवा जागा थोडीफार बदलून भांडणात फरक पडला नाही. टाकी खूप मोठी आणि आडोशांनी गुंतागुंतीची केली, तेव्हाच भांडण कमी झाले. म्हणजे आकड्यांशी खेळून फारसे हाती लागत नाही. जागा आणि आडोसे कामाला येतात.

तरी पूर्वपक्षाच्या सल्ल्यात सत्याचा एक कण आहे आणि तो टाकून देऊ नये. म्बुना दोन-तीनच ठेवले तर दुबळ्याचे मरण ठरलेले. पण त्यातून ‘अनेक जातींचे पुष्कळ मासे’ असा अर्थ निघत नाही. ‘थोड्या जातींचा बऱ्यापैकी मोठा गट’ असा निघतो. हल्ला बहुधा आपल्याच जातीच्या किंवा आपल्यासारख्या रंगाच्या नरावर होतो, म्हणून गटात माद्या जास्त आणि नर कमी असावेत, आणि एकसारख्या निळ्या पट्ट्यांच्या दोन जाती शेजारी ठेवू नयेत. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत काठोकाठ 255 लिटर पाणी मावते; दगड-वाळू धरून वजन तीनशे किलोंच्या पुढे जाते. तेवढ्यात एका लहान जातीची बारा-पंधरा पिल्ले घ्यावीत, ती वाढताना जादा नर काढून द्यावेत, आणि दोन-तीन नर व सात-आठ माद्यांवर थांबावे. दगड रचताना ते टाकीच्या तळावर, खाली पातळ थर्माकोल घालून बसवावेत आणि वाळू नंतर ओतावी. हे मासे तोंडाने वाळू उपसतात. वाळूवर ठेवलेला दगड त्यांच्या खोदकामाने कलंडतो आणि काचेवर येतो. दगडांच्या फटी एका मोठ्या ढिगाऱ्यात न करता दोन-तीन वेगळ्या राशींत कराव्यात, म्हणजे एका नराला एकाच वेळी सगळी टाकी नजरेखाली ठेवता येत नाही. टाकी सायकल व्हायला, म्हणजे फिल्टरमध्ये ते जिवाणू रुजायला, चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे आणू नयेत, आणि नळाचे पाणी घालताना अँटीक्लोरीन विसरू नये. उपकरणांबद्दल यापेक्षा जास्त सांगण्यासारखे फारसे नाही.

पूर्वपक्ष : बरं, मान्य. पण लोक हे मासे घेतात कशासाठी? रंगांसाठी. समुद्री माशांचा थाट गोड्या पाण्यात मिळतो म्हणून. तुमच्या एका जातीच्या टाकीत सगळे एकसारखे फिरणार. पाहुणा दोन मिनिटं बघेल आणि मोबाइल काढेल. दहा जाती ठेवल्या तर दहा रंग मिळतात, साधा हिशोब आहे.

उत्तर : हिशोब साधा आहे, पण तो दुकानातल्या पिल्लांचा आहे, वाढलेल्या नरांचा नव्हे. सिक्लिडच्या नराचा रंग त्याच्या जातीवर जितका अवलंबून असतो, तितकाच त्याच्या दर्जावर. यावर सर्वांत बारकाईने अभ्यास झालेला मासा टांगानिका आणि आसपासच्या पाण्यातला ॲस्टॅटोटिलापिया बर्टोनी. त्याच्या प्रबळ नराचा रंग भडक असतो, डोळ्यापासून खाली उतरणारी काळी पट्टी ठसठशीत असते. दबलेला नर मादीसारखा करडा राहतो, त्याची पट्टी पुसट होते, तो जागा धरत नाही आणि प्रजननही टाळतो. 2005 साली बर्मिस्टर, जार्विस आणि फर्नाल्ड यांनी दाखवले, की प्रबळ नर काढून घेतल्यावर दबलेल्याला संधी मिळताच तो काही मिनिटांत पट्टी उमटवतो आणि दांडगाई सुरू करतो; त्याच्या मेंदूतल्या प्रजननाशी संबंधित भागात जनुकाची हालचालही लगेच दिसते. दोन वर्षांनी ग्रोसेनिक, क्लेमेंट आणि फर्नाल्ड यांच्या प्रयोगात याच जातीच्या नरांनी बाहेरून नुसत्या झुंजी पाहून कोण कोणापेक्षा वरचढ, याचा अंदाज बांधला. आता हे भरलेल्या मिश्र टाकीला लावून पाहा. प्रत्येक मासा इतरांच्या झुंजी पाहतो आहे, आपली पायरी ओळखतो आहे, आणि बहुतेकांची पायरी खालची आहे. तिथे एक-दोन नर रंगतात, बाकीचे रंग आवरून धरतात. दहा रंगांसाठी दहा मासे आणले, पण दोनच रंग उमटले, ही तक्रार ज्यांनी केली आहे त्यांनी नकळत याच संशोधनाला दुजोरा दिला आहे.

आणि एक जात म्हणजे एक रंग, हेही खरे नाही. मलावीत चिझुमुलु बेटाजवळ पाण्याखाली तैवान रीफ नावाचा खडक आहे. चिंडोंगो सौलोसी हा मासा नैसर्गिकरीत्या तिथेच सापडतो. त्याची पिल्ले आणि माद्या गडद पिवळ्या, आणि जागा धरलेले नर निळे, काळ्या उभ्या पट्ट्यांचे. एकाच जातीच्या टाकीत पिवळ्या घोळक्यातून दोन-तीन निळे नर दगडावरून दगडावर जातात. नर माघार घेतो तेव्हा त्याच्या पट्ट्या फिकट होतात आणि पुन्हा पुढे सरसावला की गडद. ते बघताना पाहुणा मोबाइल काढेल की नाही हे मला सांगता येणार नाही, पण बघण्यासारखे काय आहे ते त्याला समजावून देता येईल, आणि मिश्र टाकीत तेवढेही शक्य नसते. बाजारातला पिवळाधमक ‘यलो लॅब’, लॅबिडोक्रोमिस सेरुलियस, हाही मलावीच्या एका ठरावीक किनारपट्टीवरचा पिवळा प्रकार आहे. हीच जात सरोवरात इतरत्र पांढरट-निळसर दिसते. रंग हे ठिकाणाचे लेणे आहे. रंगासाठी मासा निवडणाऱ्याने ठिकाण विचारले, तर त्याला हवे तेच अधिक खात्रीने मिळते.

पूर्वपक्ष : चार फुटी टाकी, तीनशे किलो वजन, खाली लोखंडी स्टँड! दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्या माणसाने हे वाचून छंद सोडावा का? त्याला दोन फुटी टाकीत चार रंगीत मासे ठेवायचे आहेत, एवढंच.

उत्तर : त्याने छंद मुळीच सोडू नये. त्याने फक्त वेगळा किनारा निवडावा, आणि किनारा निवडण्याचा हाच सर्वांत मोठा फायदा आहे. दोन फुटी टाकीत, म्हणजे जेमतेम 56 लिटर पाण्यात, म्बुना ठेवणे क्रूर आहे. पण टांगानिकाच्या वाळूवर निओथौमा गोगलगाईंच्या रिकाम्या शंखांचे सडे पडलेले असतात आणि त्यांत निओलॅम्प्रोलोगस मल्टिफॅसिएटस राहतो, जगातल्या सर्वांत लहान सिक्लिडांपैकी एक, लांबी दीड इंचाच्या आसपास. बोटभर मऊ वाळू आणि आपल्याकडच्या तळ्यातल्या मोठ्या गोगलगाईंचे उकळून घेतलेले पंधरा-वीस रिकामे शंख टाकावेत, पीएच आणि जडपणा चांगला ठेवावा, स्पंज फिल्टर लावावा, आणि सहा-आठ मासे सोडावेत. ते शंखाखालची वाळू तोंडाने उपसून बाजूला टाकतात, शंख हवा तसा वळवून बसवतात, धोका वाटला की क्षणात आत नाहीसे होतात. मादी शंखाच्या आत अंडी घालते. पिल्ले तोंडाशी दिसू लागतात आणि मोठ्या भावंडांना हाकलले जात नाही. वर्षभरात तीन पिढ्यांची वसाहत एकाच टाकीत नांदते. एवढे कौटुंबिक जीवन चार फुटी मिश्र टाकीत कधीच बघायला मिळत नाही. जागा कमी असलेल्या माणसाला ‘दोन फुटी आफ्रिकन’ म्हणून चार म्बुना पिल्ले विकणारा त्याला फसवतो. हा शंखातला मासा सुचवणारा त्याचे भले करतो.

पूर्वपक्ष : शेवटचं सांगतो. तुम्ही छंदाला प्राणिसंग्रहालय समजताय. माझ्या टाकीत पीकॉक सिक्लिडची म्बुनाशी संकरित पिल्लं झाली तर कोणाचं काय बिघडलं? ठिपक्यांचा ‘ओबी पीकॉक’ संकरितच आहे आणि सगळ्यांना आवडतो. ती पिल्लं काही आफ्रिकेत परत जाणार नाहीत.

उत्तर : परत जाणार नाहीत, हे खरे. पण दुसऱ्या टाक्यांत जातात, ‘मिक्स आफ्रिकन’ म्हणून विकली जातात, आणि दोन-तीन पिढ्यांत कोणता मासा कोणता हे सांगणारे कोणी उरत नाही. या सरोवरांतल्या जातींमधल्या भिंती पातळ आहेत. व्हिक्टोरियातल्या पुंडामिलिया वंशातली लाल जात आणि निळी जात एकमेकांशी फळती पिल्ले देऊ शकतात. त्यांना वेगळे ठेवते ते मुख्यतः मादीचे रंग ओळखणे. सीहाउझन आणि व्हॅन आल्फेन यांनी टाकीत प्रकाशाचे रंग काढून घेतले तेव्हा माद्यांची निवड ढासळली. आणि 1997 साली सीहाउझन, व्हॅन आल्फेन व विटे यांनी दाखवले, की हेच प्रत्यक्ष सरोवरात घडते आहे: शेतीचे व वस्तीचे सांडपाणी येऊन पाणी गढूळ झाले, तिथे रंग फिके पडले आणि जाती कमी झाल्या. त्याच सरोवरात 1950 च्या दशकात सोडलेल्या नाइल पर्चने 1980 च्या दशकात धुमाकूळ घातला, आणि सुमारे दोनशे सिक्लिड जाती नाहीशा झाल्या असा अंदाज आहे. त्यातल्या काही वाचल्या त्या युरोप-अमेरिकेतल्या टाक्यांत, आणि वाचल्या त्या शुद्ध ठेवल्या गेल्या म्हणूनच. तैवान रीफवरच्या सौलोसीचीही तीच गोष्ट आहे. अ‍ॅक्वेरियमच्या व्यापारासाठी झालेल्या पकडीने त्याची संख्या तिथे फार घटली. अशा जातीच्या बाबतीत घरातली टाकी हा खेळ राहत नाही. मलावीत स्टुअर्ट ग्रँट यांच्या नावाच्या निधीतून राष्ट्रीय उद्यानाच्या पाण्यात जाळी ओढता येऊ नयेत अशी अडथळ्यांची साधने टाकली गेली. त्यात सिक्लिड पाळणाऱ्यांचेच पैसे आहेत. ज्याला आपला मासा कोणत्या खडकावरचा हे ठाऊक आहे, तोच त्या खडकासाठी पैसे देतो.

‘कोणाचे काय बिघडते’ याचे दुसरे उत्तर आफ्रिकेत नाही, आपल्याच पाण्यात आहे. मोझांबिक तिलापिया 1952 साली भारतात आणली गेली. ती आफ्रिकन सिक्लिडच आहे, तिची मादीही पिल्ले तोंडात वाढवते, आणि म्हणूनच ती जिथे गेली तिथे टिकली. आज उजनीच्या जलाशयापासून गावतळ्यांपर्यंत जाळ्यात येणारी चिलापी ही तिच्या घराण्याची. आपल्या खाड्यांतला कालुंदर हा सिक्लिड मात्र इथला, पिढ्यान्‌पिढ्यांचा. कंटाळा आला म्हणून टाकीतले मासे नदीत सोडणारा माणूस बहुधा दया म्हणून सोडतो. आणि नको असलेले मासे सर्वांत जास्त कोणत्या टाकीत साचतात? ज्या टाकीत मारामाऱ्या होतात, ज्या टाकीतल्या संकरित पिल्लांना नाव नसल्याने कोणी घेत नाही, तिथे. नाव आणि ठिकाण माहीत असलेल्या माशांना दुसरा पाळणारा सहज मिळतो.

म्हणून दुकानात जाल तेव्हा ‘मिक्स आफ्रिकन’ टाकीसमोर उभे राहून रंग मोजू नका. दुकानदाराला माशाचे पूर्ण नाव विचारा, तो कोणत्या सरोवरातला, काय खाणारा आणि वाढून किती इंचांचा होणारा, ते विचारा. सांगता आले नाही तर त्या दिवशी मासा घेऊ नका; गिऱ्हाइके विचारू लागली की दुकानदारही आपल्या पुरवठादाराला विचारू लागेल. आणि कधी टाकी मोडायचीच वेळ आली, तर मासे दुकानात किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याकडे द्या. ओढ्यात, विहिरीत, तळ्यात सोडू नका.